लेसरने टिपलेल्या रेणूंच्या टकरी: प्रतिमा वाचायला बसण्यापूर्वी

निर्वातात वायूचे दोन बीम, म्हणजे बारीक झोत, काटकोनात एकमेकांवर सोडायचे, टकरीनंतर उरलेले रेणू लेसरने टिपायचे आणि कॅमेऱ्यावर उमटलेल्या वलयावरून टकरीचा स्वभाव ओळखायचा. या प्रयोगात नवीन माणूस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतो. वलय जिथे जास्त उजळ, तिथे जास्त रेणू विखुरले, असं तो धरून चालतो. उजळपणा आणि विखुरण्याची शक्यता यांच्यामध्ये बराच हिशोब दडलेला असतो, आणि तो केल्याशिवाय काढलेला निष्कर्ष दिसायला कितीही छान असला तरी चुकीचा असू शकतो. हा लेख त्या हिशोबाबद्दल आहे. एमएस्सी संपवून नुकतेच अशा प्रयोगशाळेत दाखल झालेले आणि पहिली प्रतिमा समोर घेऊन बसलेले विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

उदाहरण म्हणून नायट्रिक ऑक्साईड आणि आर्गॉनची टक्कर घेऊ. या क्षेत्रात तिचा जितका अभ्यास झाला आहे, तितका फार थोड्या टकरींचा झाला असेल. कारण सोपं आहे. नायट्रिक ऑक्साईड बाटलीत मिळतो, त्याच्या पातळ्या नीट ठाऊक आहेत आणि २२६ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने तो सहज टिपता येतो. पहिला फोटॉन रेणूला ‘ए’ या उत्तेजित अवस्थेत नेतो, दुसरा तिथून इलेक्ट्रॉन काढून घेतो. अनेक फोटॉनांनी पायरीपायरीने आयन बनवण्याच्या या पद्धतीला सगळे रेम्पी म्हणतात. तयार झालेले आयन विद्युतक्षेत्राने संवेदकावर ढकलले जातात. चँडलर आणि ह्यूस्टन यांनी १९८७ मध्ये आयनांची अशी प्रतिमा घ्यायची वाट दाखवली. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेगेनला एपिंक आणि पार्कर यांनी विद्युतक्षेत्राची मांडणी बदलून समान वेगाचे आयन एकाच बिंदूवर आणून दाखवले, मग ते लेसरच्या पट्ट्यात कुठेही तयार झालेले असोत. म्हणून आज आपल्याला स्थान दिसत नाही, वेग दिसतो. प्रतिमेतला प्रत्येक बिंदू म्हणजे एक वेग, हे आधी मनात पक्कं करा.

पहिली पायरी: कागदावर न्यूटन आकृती काढा

संगणक उघडण्याआधी कागद घ्या. टकरीआधीचे आणि नंतरचे वेग बाणांनी दाखवणारी आकृती म्हणजे न्यूटन आकृती. दोन्ही बीम आर्गॉनच्या जोरावर निघाले आहेत असं समजू, म्हणजे नायट्रिक ऑक्साईड आर्गॉनमध्ये थोडासा मिसळलेला आणि दुसऱ्या बीममध्ये शुद्ध आर्गॉन. खोलीच्या तापमानाच्या नोझलमधून फुगून थंड झालेल्या आर्गॉनचा वेग सेकंदाला सुमारे ५५८ मीटर असतो. नायट्रिक ऑक्साईड डावीकडून उजवीकडे आणि आर्गॉन खालून वर जातो असं मांडा. वस्तुमानं ३० आणि ४०. वस्तुमान केंद्राचा वेग उजवीकडे २३९ आणि वर ३१९ येतो. सापेक्ष वेग ७८९, आणि त्यातून टकरीची ऊर्जा सुमारे ४४६ प्रति सेंटीमीटर (वर्णपटशास्त्रात ऊर्जा या एककात मोजतात).

आता टकरीनंतर नायट्रिक ऑक्साईड जे = १०.५ या घूर्णन पातळीत गेला असं धरा. बीममध्ये तो थंड होऊन जे = ०.५ वर होता. तिथून १०.५ वर जायला जवळपास २०० प्रति सेंटीमीटर ऊर्जा लागते. ती टकरीच्या ऊर्जेतून वजा झाली, उरली २४६. वस्तुमान केंद्राच्या चौकटीत नायट्रिक ऑक्साईडचा वेग आधी ४५१ होता, आता ३३५ झाला. प्रतिमेतल्या वलयाची त्रिज्या हीच.

ही त्रिज्या प्रतिमेवर मोजून पाहा. त्यासाठी एक पिक्सेल म्हणजे किती मीटर प्रति सेकंद हे माहीत हवं. ऑक्सिजनचे रेणू २२५ नॅनोमीटरच्या आसपास फोडून हे माप काढता येतं, कारण सुटणाऱ्या अणूंचे वेग ऊर्जेच्या ताळेबंदातून नेमके कळतात आणि लेसर फारसा हलवावाही लागत नाही. मोजलेली त्रिज्या आणि हिशोबाची त्रिज्या जुळत नसेल तर तिथेच थांबा. बहुतेक वेळा वर्णपटातली रेषा चुकीची ओळखलेली असते, नाहीतर बीमचा वेग आपण समजतो तो नसतो. ही तपासणी टाळून पुढे गेलेलं काम नंतर सगळं उकरावं लागतं.

दुसरी पायरी: लेसर काय मोजतो ते समजून घ्या

आता मुख्य मुद्दा. लेसरची एक पल्स ५ नॅनोसेकंदांची असते. तेवढ्या वेळात सेकंदाला ७०० मीटर धावणारा रेणूसुद्धा साडेतीन मायक्रोमीटरच सरकतो. म्हणजे लेसरच्या दृष्टीने सगळे रेणू जागच्या जागी उभे आहेत. त्या क्षणी त्याच्या पट्ट्यात जे हजर असतील तेवढेच तो मोजतो. आपल्याला हवं असतं ते वेगळंच: दर सेकंदाला त्या दिशेने किती रेणू निघाले. पहिली गोष्ट घनता, दुसरी प्रवाह. सकाळी दादरच्या पुलाचा वरून एक फोटो काढला तर त्यात रमतगमत चालणारे जास्त आणि धावणारे कमी दिसतील, भले पूल ओलांडणाऱ्यांत दोघांची संख्या सारखीच असली तरी. लेसरचा फोटो नेमका तसाच असतो.

याचा परिणाम किती मोठा, हे आपल्याच आकृतीत पाहा. सापेक्ष वेगाची रेषा आकृतीत खाली उजवीकडे जाते. पुढे विखुरलेला रेणू त्या टोकाला, मागे फेकलेला वर डावीकडे. नव्वद अंशांत बाजूला गेलेल्या रेणूला मात्र दोन जागा आहेत: एक वर उजवीकडे, दुसरी खाली डावीकडे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने या दोन जागांत काडीचाही फरक नाही. सापेक्ष वेगाच्या अक्षाभोवती सगळं सममित असल्याने दोन्हीकडे सारखेच रेणू जातात. पण प्रयोगशाळेच्या चौकटीत वेग काढा. वर उजवीकडच्या रेणूचा वेग उजवीकडे ४७६ आणि वर ५५६, एकूण ७३२. खाली डावीकडच्याचा उजवीकडे फक्त २ आणि वर ८२, म्हणजे एकूण ८२ मीटर प्रति सेकंद. तो जवळजवळ उभाच आहे!

बीम जिथे एकमेकांना छेदतात त्या भागाच्या कडेपासून लेसरपर्यंत एक मिलीमीटर अंतर धरा. वेगवान रेणू ते १.४ मायक्रोसेकंदांत कापतो, संथ रेणूला १२ मायक्रोसेकंद लागतात. बीम पुरेसा वेळ चालू असेल तर संथ बाजूला जवळपास नऊ पट रेणू साचलेले असतात. वलयाचा खालचा डावा भाग लख्ख आणि वरचा उजवा फिकट दिसतो. ज्याला हे माहीत नाही तो या फरकावर सुंदर सिद्धांत रचू शकतो, आणि तो सिद्धांत पूर्णपणे यंत्राने निर्माण केलेला असेल.

मग वेगाने गुणलं की झालं? नाही, आणि इथे बरेच जण घाई करतात. नऊ पटींचा आकडा बीम अखंड वाहत असताना खरा. पल्स्ड बीममध्ये टकरी सुरू होऊन किती वेळ झाला यावर सगळं अवलंबून आहे. समजा टकरी सुरू झाल्यावर ५ मायक्रोसेकंदांनी लेसर मारला. वेगवान रेणूंची घनता १.४ मायक्रोसेकंदांतच स्थिर झालेली आहे. संथ रेणू अजून साचतच आहेत, त्यांना १२ मायक्रोसेकंद हवे होते, मिळाले ५. म्हणून गुणोत्तर नऊऐवजी साडेतीन ते पावणेचारच्या आसपास येतं. लेसर उशिरा मारला, बीम संपून गेल्यावर, तर वेगवान रेणू निघून गेलेले असतात आणि संथ मागे रेंगाळत असतात. तेव्हा प्रतिमेत संथ बाजूशिवाय जवळपास काहीच दिसत नाही. एकच टक्कर, एकच यंत्र, आणि लेसरची वेळ बदलली की तीन वेगळी चित्रं.

म्हणून माझा आग्रह असा: नवीन यंत्रावर काम सुरू करताना लेसरच्या तीन-चार वेगवेगळ्या वेळांना त्याच पातळीची प्रतिमा घ्या. त्यातून बीमची लांबी, छेदण्याचा भाग किती मोठा, लेसर नेमका कुठे जातो, हे सगळं एकत्र कळतं. नंतर हिशोबात हेच आकडे लागतात.

तिसरी पायरी: प्रतिमा सुधारू नका, नक्कल करा

दुरुस्तीचा एखादा गुणक काढून प्रतिमेला भागण्यापेक्षा उलट्या बाजूने जाणं जास्त सुरक्षित असतं. सगळ्या दिशांना सारखेच रेणू विखुरतात असं गृहीत धरा. संगणकात लाखो टकरी घडवा: बीमचा वेग त्याच्या पसाऱ्यासह निवडा, टकरीची जागा आणि वेळ निवडा, रेणूला त्याच्या वेगाने उडू द्या आणि लेसरच्या क्षणी तो पट्ट्यात आहे का ते पाहा. आहे त्यांची प्रतिमा बनवा. ही तुमच्या यंत्राची सही. खरी प्रतिमा या नकलेशी ताडून पाहिली की यंत्राचा भाग वेगळा पडतो.

त्याहून बरं म्हणजे सैद्धांतिक क्रॉस सेक्शन, म्हणजे कुठल्या कोनात विखुरण्याची किती शक्यता हे सांगणारे आकडे, याच नकलेत घालून त्याची प्रतिमा खऱ्या प्रतिमेशेजारी ठेवणं. त्यात सिद्धांतालाही यंत्राच्या सगळ्या मर्यादा लागू होतात आणि तुलना न्याय्य होते. वलयाची रुंदीही यातच येते. बीममधल्या वेगांचा पसारा हे रुंदीचं मोठं कारण. नायमेगेनच्या गटाने स्टार्क डिसिलरेटर, म्हणजे बदलत्या विद्युतक्षेत्राने रेणूंचा वेग ताब्यात ठेवणारं यंत्र, वापरून नायट्रिक ऑक्साईडचे वेग आवळले, तेव्हा २०१४ मध्ये हेलियम, निऑन आणि आर्गॉनशी होणाऱ्या टकरींतली विवर्तनाची बारीक आंदोलनं वेगवेगळी दिसू शकली. ती आधीही होतीच, पसाऱ्यात पुसली जात होती.

रुंदीचं दुसरं कारण नवीन माणसाला सुचत नाही: इलेक्ट्रॉनचा धक्का. २२६ नॅनोमीटरच्या दोन फोटॉनांची ऊर्जा मिळून सुमारे १०.९७ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते, आयनीभवनाला लागतात ९.२६. उरलेली १.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट इलेक्ट्रॉन घेऊन जातो, आणि आयनाला सेकंदाला जवळपास १४ मीटरचा उलटा झटका बसतो. ३३५ मीटरच्या वलयावर हा झटका दिसतो. दुसरा फोटॉन ३०८ नॅनोमीटरचा वापरला तर झटका ५ मीटरच्या आसपास येतो. आणखी पुढे, ३२८ नॅनोमीटरजवळ गेलं की तो जवळपास नाहीसाच होतो. बारीक रचना शोधायची असेल तर दुसरा लेसर लावण्याचा खर्च नक्की भरून निघतो.

चौथी पायरी: किती रेणू कुठल्या पातळीत

दिशांचा प्रश्न वेगळा आणि पातळ्यांमधल्या वाटणीचा वेगळा. वर्णपटातली उंच रेषा म्हणजे जास्त रेणू, हेही तितकंच धोक्याचं.

रेषेच्या उंचीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: पातळीतली संख्या, त्या संक्रमणाची ताकद आणि लेसरची शक्ती. ताकदीचे आकडे पुस्तकात मिळतात, पण ते लेसर मंद असतानाच लागू पडतात. लेसरची शक्ती बदलत जा आणि सिग्नल किती वाढतो ते दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेऊन मांडा. दोन्ही फोटॉनांच्या पायऱ्या असंपृक्त असतील, म्हणजे प्रकाश वाढेल त्याच प्रमाणात प्रत्येक पायरी वाढत असेल, तर उतार दोन येईल. पहिली पायरी संपृक्त झाली की उतार एककडे सरकतो. मधल्या प्रदेशात काम करत असाल तर रेषेच्या ताकदीने सरळ भागाकार करून चालणार नाही. हा आलेख मी तरी कुठल्याही निष्कर्षाआधी मागते. तो अर्ध्या दिवसात होतो आणि त्याच्यावाचून केलेले महिनेभराचे आकडे वाया जाऊ शकतात.

शिवाय प्रत्येक घूर्णन पातळी ई आणि एफ अशा दोन अगदी जवळच्या पातळ्यांत दुभंगलेली असते. त्यांचं अंतर लेसरच्या रुंदीएवढं किंवा त्याहूनही कमी, तरीही निवडीच्या नियमांमुळे आर आणि पी या मुख्य शाखा (ज्यांत जे एकने वाढतो किंवा घटतो) एक घटक टिपतात आणि क्यू शाखा (जिच्यात जे तोच राहतो) दुसरा. सुदैवाने नायट्रिक ऑक्साईडमध्ये ज्या शाखा एकमेकांवर चढून बसतात, त्या जोडीने एकाच खालच्या घटकातून निघतात. त्यामुळे जोडी सुटी दिसली नाही तरी कुठला घटक टिपतोय हे सांगता येतं. पण वेगवेगळ्या जे पातळ्यांच्या रेषाही एकमेकींवर येतात. त्या आधी वर्णपटाच्या नकलेवर खुणा करून ठेवा आणि मोजणीला मोकळ्या रेषा निवडा.

डॉपलरचं भान इथेच ठेवायचं. वलयाच्या दोन टोकांच्या रेणूंना लेसरचा रंग थोडा वेगळा दिसतो. आपल्या उदाहरणात हा फरक सुमारे ०.१ प्रति सेंटीमीटर होऊ शकतो, आणि दुप्पट वारंवारतेच्या साध्या डाय लेसरची रुंदीही त्याच पट्टीतली असते. लेसर रेषेच्या माथ्यावर रोखून ठेवला तर कडेचे वेग अर्धवट टिपले जातात आणि वलय एका बाजूला फिकं पडतं. उपाय साधा आहे: प्रतिमा घेताना लेसर रेषेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश पुढे-मागे फिरवत राहा.

टकरीनंतर रेणूंच्या फिरण्याच्या अक्षांना एक कल येतो, हेही लक्षात घ्यावं लागतं. रेषीय ध्रुवीकरणाचा लेसर त्या कलानुसार कमी-जास्त रेणू टिपतो. ध्रुवीकरण एकदा टकरीच्या प्रतलात आणि एकदा लंब ठेवून प्रतिमा घ्या. दोन्ही सारख्या असतील तर चिंता नाही. वेगळ्या असतील तर त्यांची सरासरी काढून विषय संपवू नका. तो फरक स्वतःच टकरीबद्दल काहीतरी सांगतो आहे, आणि नकलेत त्याला जागा द्यायला हवी.

पार्श्वभूमी

बीममधले सगळे रेणू जे = ०.५ वर थंड झालेले नसतात. थोडे वरच्या पातळ्यांत उरतात आणि टक्कर न होताच टिपले जातात. प्रतिमेत ते नायट्रिक ऑक्साईडच्या बीमच्या जागी एक तेजस्वी ठिपका म्हणून दिसतात, आणि नेमकं तिथेच, त्याच्या शेजारी, पुढे विखुरलेले रेणू येतात. एका पल्सला दोन्ही बीम जुळवायचे, पुढच्या पल्सला आर्गॉनचा बीम उशिरा सोडायचा म्हणजे गाठ पडणार नाही, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींतून वजा करायच्या. दहा मिनिटं एक आणि दहा मिनिटं दुसरी असं करू नका. लेसर आणि व्हॉल्व्ह तेवढ्यात सरकतात. ठिपका फारच तेजस्वी असेल तर त्या जागी संवेदकाची प्रतिसाद देण्याची ताकद कमी पडते, आयन एकमेकांना ढकलतात आणि वजाबाकीने ते भरून येत नाही. तेवढा भाग विश्लेषणातून वगळा आणि वगळल्याचं स्पष्ट लिहा.

पार्श्वभूमी तपासायची एक चांगली युक्ती ऊर्जेच्या ताळेबंदातच आहे. ४४६ प्रति सेंटीमीटरमध्ये जे = १५.५ पर्यंतच पोचता येतं. १६.५ ला सुमारे ४८० लागतात. त्या पातळीवर लेसर लावून पाहा. तिथे सिग्नल आला तर तो बीममधल्या वेगांच्या पसाऱ्याने आला की उष्ण रेणूंमुळे, हे आर्गॉनचा बीम उशिरा सोडून लगेच ठरवता येतं.

दोन अर्ध्या भागांची परीक्षा

सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर सापेक्ष वेगाच्या रेषेने वलयाचे दोन भाग करा. वेगवान बाजू आणि संथ बाजू. दोन्हींमधून स्वतंत्रपणे कोनांचं वितरण काढा. सममितीमुळे ती दोन वितरणं एकच असायला हवीत, आणि ही कसोटी फुकट मिळते, सिद्धांताची मदत न घेता. कमी जे पातळ्यांसाठी वितरण पुढच्या बाजूला झुकलेलं आणि जे वाढेल तसं ते बाजूला व मागे सरकताना दिसेल, कारण रेणूला जास्त फिरवायला समोरासमोरची जोरकस टक्कर लागते. हा कल दोन्ही भागांत सारखाच दिसला तरच त्यावर विश्वास ठेवा.

ती जुळली नाहीत तर शोध एका क्रमाने घ्या. फरक लेसरची वेळ बदलल्यावर बदलतो का? बदलत असेल तर नकलेतली बीमची लांबी किंवा छेदण्याच्या भागाचा आकार चुकला आहे. वेळेने बदलत नाही पण लेसर रेषेवर फिरवल्यावर बदलतो? मग डॉपलर. ध्रुवीकरण बदलल्यावर बदलतो? मग अक्षांचा कल. यातल्या कशानेच हलत नसेल तर संवेदकाकडे वळा: त्याचा एखादा भाग थकलेला असू शकतो, आणि ते पाहायला बीम बंद ठेवून निर्वात कक्षात नायट्रिक ऑक्साईडची झुळूक सोडून एक प्रतिमा घेतली की पुरतं. त्या प्रतिमेत वेग सगळ्या दिशांना सारखेच असतात, म्हणून ती मध्यापासून सगळीकडे एकसारखी फिकी होत जायला हवी. एका बाजूला खड्डा दिसला, तर तो संवेदकाचा आहे.